कोरडी वाळू

आमच्या बंडू बोक्याचा ट्रे रोज सकाळी मी साफ करतो. त्या रविवारी वाळूत एकही ओला गोळा नव्हता. मनात काय आलं ते लिहायलाही लाज वाटते: चला, आज एक काम वाचलं.

शनिवारी रात्रीपासून तो ट्रेमध्ये जाऊन बसत होता. उकरायचा, कण्हायचा, उठायचा, मागचा भाग चाटत बसायचा. "पोट साफ होत नसेल," मी बायकोला म्हटलं. ती म्हणाली, "डॉक्टरांना फोन तरी करू या." मी म्हटलं, "सोमवारी बघू." रविवारची फी जास्त असते, हे मनात होतं. बोललो नाही इतकंच.

संध्याकाळी तो ओकला आणि पलंगाखाली जाऊन पडला. बाहेर काढताना हाताला त्याच्या पोटात मोठ्या लिंबाएवढं काहीतरी टणक लागलं. असा ओरडला की मी तसाच चपला घालून रिक्षा पकडली.

बोक्याची मूत्रनलिका टोकाशी फार अरुंद असते. तिथे बारीक खडे आणि चिकट स्रावाचा बोळा अडकला की लघवी तुंबते, रक्तात पोटॅशियम चढतं, हृदय मंदावतं; एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. बंडूला आधी हृदय सांभाळायला कॅल्शियम दिलं, सलाईन लावलं, मग भूल देऊन नळी घातली. पिशवीत उतरली ती लघवी गडद लाल होती. नळी दोन दिवस ठेवावी लागली.

"कळलंच नाही हो आम्हाला," मी डॉक्टरांना म्हणालो. बायको माझ्याकडे बघत राहिली.

त्यांनी पाणी जास्त पाजायला आणि ओलं खाणं द्यायला सांगितलं. कोरडे दाणे मीच निवडले होते. वाटी भरली की दिवसभर बघायला नको. नुसत्या दाण्यांनी असं होत नाही, ताणही कारण असतो, असं ते म्हणाले तेव्हा मला केवढं हायसं वाटलं! आज त्या हायसं वाटण्याचीच जास्त लाज वाटते. मुकं जनावर काय सांगणार, असं आपण म्हणतो. बंडू रात्रभर ट्रेमध्ये बसून सांगतच होता.

तो वाचला. तुमच्या घरी बोका असेल आणि तो सारखा वाळूत बसूनही वाळू कोरडीच राहत असेल, तर सकाळची वाट बघू नका.

बिलात रविवारची जादा फी वेगळी लिहिली होती. ३०० रुपये.