अभिप्राय मागणे ही फलाशा का?

मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. नांदेडचा एखादा शिक्षक किंवा लातूरची एखादी विद्यार्थिनी तिथे कंधारच्या किल्ल्यावर, खरोशाच्या लेण्यांवर लिहू शकते. मानधन नाही. लेखाखाली नावही नाही. नाव उरते ते ‘इतिहास’ या पानावर, जिथे वाचक सहसा फिरकत नाही. मग असा स्वयंसेवक कधीतरी ‘चावडी’ या सामाईक चर्चेच्या पानावर येतो आणि विचारतो: माझे लेखन कुणी तपासून सांगेल का? उत्तर लवकर मिळेलच असे नाही. लेख पुष्कळ, नियमित लिहिणारे हात थोडे.

गीता वाचलेला माणूस इथे अडखळतो. दुसऱ्या अध्यायातला सत्तेचाळिसावा श्लोक कर्माचा अधिकार देतो, फळाचा नाही. मग विनामोबदला काम करणाऱ्याने ‘कसे झाले?’ असे विचारावे तरी का?

हाच श्लोक मराठीत उलगडून सांगणारे ज्ञानदेव मात्र श्रोत्यांना पुन्हा पुन्हा विनवतात, उणे-अधिक सांभाळून घ्यायला सांगतात. ज्ञानेश्वरी १२९० सालची. तिच्या नकला होत गेल्या तसे पाठ बिघडत गेले, तेव्हा पैठणच्या एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, तिची शुद्ध प्रत सिद्ध केली. नाथांच्या स्वतःच्या भागवतालाही काशीच्या पंडितांपुढे परीक्षा द्यावी लागली, असे परंपरा सांगते. दोघांच्याही निष्कामतेबद्दल कुणी शंका घेतलेली नाही.

विकिपीडियासारख्या कोशातला मजकूर दुसऱ्याच्या नजरेखालून गेल्याशिवाय पुरा होत नाही. तपासणी हा तिथे कर्माचाच भाग आहे, त्याचे फळ नव्हे. चूक दाखवल्यावर लेखक रुसला, तर मात्र त्याला कौतुकच हवे होते असे समजावे.

नांदेडमध्ये याच्या अगदी दुसऱ्या टोकाचे उदाहरण आहे. १७०८ साली गुरू गोविंदसिंगांनी इथेच ग्रंथसाहिबाला गुरुपद दिले. नामदेवांची पदेही ज्यात आहेत, त्या १४३० अंगांच्या (पानांच्या) ग्रंथातले अक्षर बदलत नाही. श्रद्धेच्या ग्रंथाचे ते बळ आहे. कोशाला तोच न्याय लावला, तर एकदा शिरलेली चूक कायमची होऊन बसेल.

चूक सांगायची कुणी, हाही पेच आहेच. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप अंगावर झेललेला औसा तालुक्यातला माणूस लेखातली गफलत चटकन ओळखेल. पण विकिपीडिया डोळ्यांनी पाहिलेले पुरावा मानत नाही. प्रसिद्ध झालेला, पडताळता येणारा आधार मागतो. न्यायदर्शनाच्या चार प्रमाणांत प्रत्यक्ष पहिले आणि शब्द, म्हणजे विश्वासार्ह वचन, शेवटचे. इथे सगळी भिस्त शब्दावर. तरीही अनुभव वाया जात नाही. नेमके कुठे खटकते हे तोच दाखवतो, आधार मग वाचनालयात शोधता येतो.

तेव्हा नांदेड-लातूरच्या वाचकांनी आपल्या गावाचा लेख एकदा उघडावा. काही चुकले असेल तर ‘चर्चा’ पानावर तसे लिहावे, जुन्या वर्तमानपत्राचा किंवा गॅझेटियरचा आधार द्यावा. लेख चांगला उतरला असेल तर तेही कळवावे. तेवढ्याने कुणाचा कर्मयोग बिघडत नाही.