अंतरपाट दूर झाल्यावर

अंतरपाट बाजूला झाला, आता एकमेकांकडे नीट पाहावं, तेवढ्यात फोटोग्राफर म्हणाला, "वहिनी, इकडे बघा." पुढे पंगत, गृहप्रवेश, सत्यनारायण, कुलदैवताचं दर्शन. आठवडाभर आम्ही सतत शेजारी शेजारी होतो आणि बोलत मात्र होतो पाहुण्यांशी.

म्हणून मधुचंद्रासाठी वेंगुर्ला तालुक्यातल्या निवतीला पोचल्यावर दोघांचे फोन बंद करून घरमालकीण काकूंच्या कपाटात ठेवले. पहिला दिवस अवघड गेला. चार भेटींत ठरलेलं लग्न. विषय संपला की त्याचा हात खिशाकडे जायचा, माझा पर्सकडे. पण मला मनापासून वाटतं, त्या अवघडलेपणातून दोघांनी मिळून पार होणं, यासाठीच मधुचंद्र असतो. फोन हाताशी असता तर आम्ही ते सहज टाळलं असतं आणि पुढे वर्षानुवर्षं टाळतच राहिलो असतो.

तिथे घड्याळही फारसं लागलं नाही. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे कोकणातलं जुनं गणित. "आज दशमी, म्हंजे साडेसाताक भरती," काकू भाकरी थापता थापता सांगायच्या. रोज भरती पाऊण तास पुढे जायची, तसं आमचं फिरणंही.

तिसऱ्या दिवशी किनाऱ्यावर रापण ओढणं चाललं होतं. होडीतून अर्धगोल टाकलेल्या जाळ्याचे दोन्ही दोर धरून माणसांच्या दोन रांगा मागे मागे सरकत होत्या. आम्हीही हात लावला. दोर ओला, खरखरीत. माझ्या तळव्यावर मेंदी अजून लाल. मी पाय उचलला की त्याच खळग्यात त्याचा पाय रुतायचा. कितीतरी वेळ आम्ही एक शब्द बोललो नाही आणि ते गप्प असणं पहिल्यांदाच जड झालं नाही. जाळं आल्यावर एका म्हाताऱ्या मच्छीमाराने चार बांगडे पुढे केले. "वैनी, तुमचो वाटो." दोर ओढणाऱ्याला वाटा द्यायचा, ही रापणीची रीत.

रात्री तिरफळं घातलेलं बांगड्याचं तिखलं जेवताना त्याने मला त्याच्या गेलेल्या भावाबद्दल सांगितलं. पाहण्याच्या कार्यक्रमात, साखरपुड्यात, लग्नघरात त्या बोलण्याला कुठे जागाच नव्हती.

लग्न ठरलेल्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे. हॉलसाठी महिनोन्‌महिने आधी धावपळ करता, तसे चार दिवस फक्त दोघांसाठी राखून ठेवा आणि फोन बंद ठेवा. सुखरूप पोचल्याचा निरोप घरी काकूंच्या फोनवरूनही देता येतो.