टाकणखार

फिलिपिन्सच्या बेंगेट प्रांतात डोंगर पोखरून सोनं काढणारे अनेक छोटे खाणकामगार गेली कित्येक वर्षं पाऱ्याला हात लावत नाहीत. खडक दळायचा, पाण्यात पुन्हा पुन्हा धुवायचा आणि तळाशी उरलेली जड रेती टाकणखार घालून मुशीत वितळवायची. टाकणखारामुळे रेतीतला मळ लवकर पातळ होतो, सोनं खाली बसतं. हाच टाकणखार डाग देताना आपला सोनारही वापरतो.

जगात ८० देशांमध्ये दीड-दोन कोटी माणसं अशा छोट्या खाणींवर जगतात. दरवर्षी निघणाऱ्या सोन्याचा जवळजवळ पाचवा हिस्सा त्यांच्या हातचा. बहुतेक ठिकाणी सोन्याचे कण धरायला पारा मिसळतात आणि तो गोळा उघड्यावर, कधी घरातल्या चुलीवरच, तापवतात. ३५७ अंशांना पारा उकळून उडतो, सोनं मागं राहतं. उडालेला पारा तापवणाऱ्याच्या छातीत जातो, अंगणात खेळणाऱ्या पोराच्याही. नदीत उतरलेला मासळीत साठतो. माणसामुळे हवेत जाणाऱ्या पाऱ्यातला तिसऱ्या हिश्शाहून अधिक पारा या एकाच कामातून जातो.

पाऱ्याला आळा घालणारा मिनामाटा करार २०१३ साली झाला, २०१७ पासून लागूही झाला. पण नुसत्या बंदीनं पारा चोरवाटेनं येतो, कारण तो स्वस्त आहे, झटपट आहे, आणि संध्याकाळी घरी पैसे न्यायचे असतात. म्हणून मला बेंगेटची वाट अधिक खरी वाटते. अख्खा खडक पाऱ्यासकट दळला की पाऱ्याचे बारीक बारीक कण होतात आणि सोनं घेऊन गाळात वाहून जातात. पारा सोडणाऱ्याच्या पदरात सोनं जास्तच पडू शकतं. हे त्याला त्याच्यासारख्याच खाणकामगारानं करून दाखवलं, तर पटतं.

टाकणखार प्रत्येक खडकाला चालत नाही, धुणाराही कसलेला लागतो. जिथं तो जमत नाही, तिथं निदान बंद भांड्यात पारा-सोन्याचा गोळा तापवून, वाफ नळीतून थंड करून पारा परत धरता येतो. त्या भांड्याला पैसे लागतात, आणि ते सोन्याच्या भावातूनच यायला हवेत. ‘फेअरमाइन्ड’सारखी प्रमाणपत्रं असलेल्या सोन्यावर खाणकामगारांना वरचा मोबदला मिळतो. आपला हॉलमार्क मात्र शुद्धता सांगतो, सोनं आलं कुठून ते सांगत नाही. गिऱ्हाईक विचारत नाही, तोवर पेढीला तरी काय गरज? यंदा दसऱ्याला सोनं घेणार असाल, तर सराफाला हे एवढं जरूर विचारा.