बुडालेल्या जहाजातील माणूस

नोव्हेंबर महिना उजाडला, की आपल्या गावोगावच्या दफनभूमीला जाग येते. थडगी घासूनपुसून स्वच्छ होतात, क्रूसांना नवा रंग चढतो आणि २ तारखेच्या संध्याकाळी मेणबत्त्यांच्या उजेडात प्रत्येक कुटुंब आपापल्या माणसापाशी उभे राहते. गेल्या वर्षी त्याच संध्याकाळी आमच्या धर्मग्रामातील एक तरुण आम्हांला दफनभूमीत भेटला. नोकरीनिमित्त तो अमेरिकेच्या उत्तर भागात असतो. तेथे त्याने पाठीवर हवेच्या टाक्या बांधून खोल पाण्यात उतरण्याची विद्या शिकून घेतली आहे. त्याने आम्हांला एक प्रश्न विचारला. त्याचे उत्तर आम्हांला तेथल्या तेथे देता आले नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

अमेरिका आणि कॅनडा यांच्या सीमेवर सुपीरियर नावाचे सरोवर आहे. नावाला सरोवर, प्रत्यक्षात तो गोड्या पाण्याचा समुद्रच; त्याचे क्षेत्रफळ सुमारे ८२,००० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या पाव हिश्श्याहून अधिक. १९२७ च्या डिसेंबरमध्ये ‘कामलूप्स’ हे मालवाहू जहाज कागद बनविण्याची यंत्रे व इतर माल घेऊन त्यातून चालले होते. आयल रोयाल बेटाजवळ हिमवादळाने त्याला गिळले. जहाजावर २२ माणसे होती. एकही वाचले नाही. काहीजण कसेबसे बेटाच्या किनाऱ्याला लागले, पण तेथे थंडीने गोठून मरण पावले. पुढे पन्नास वर्षांनी, १९७७ साली, हौशी पाणबुड्यांना ते जहाज तळाशी कुशीवर पडलेले सापडले.

जहाज सुमारे ५० ते ८० मीटर खोल आहे. तेथे पाण्याचा दाब वरच्यापेक्षा सहा ते नऊ पट असतो. साधी हवा श्वासात घेतली, तर तिच्यातील नायट्रोजनने मद्य प्याल्यासारखी गुंगी येते. तळाशी काही मिनिटे घालवायची, तर वर येताना टप्प्याटप्प्याने कितीतरी वेळ थांबावे लागते. घाई केली तर प्राणाशी गाठ. खोलवरचे पाणी वर्षभर ४ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. एवढ्या थंडीत देह कुजविणारे जंतू जवळजवळ निष्क्रिय होतात. कुजण्याने वायू तयार होत नाही, त्यामुळे देह वर तरंगून येत नाही. चरबीचे हळूहळू साबणासारख्या पांढऱ्या पदार्थात रूपांतर होते. अशा रीतीने त्या जहाजाच्या इंजिनखोलीत एका खलाशाचा देह राहून गेला. पाणबुड्यांनी त्याला ‘ओल्ड व्हायटी’, म्हणजे पांढरा म्हातारा, असे नाव ठेवले आहे.

आमचा तरुण त्या खोलीपर्यंत गेला होता. “फादर,” तो म्हणाला, “आम्ही बॅटरीच्या उजेडात त्याला पाहिलं आणि परत फिरलो. कशाला हात लावला नाही. तरी मन खातं. आमचं काही चुकलं का?”

येथे एक कबुली दिली पाहिजे. उत्तर देण्याआधी आमच्या तोंडून प्रश्न निघाला: “चेहरा ओळखू येतो का?”

शेजारच्या क्रूसाशी एक वृद्ध भगिनी मेणबत्ती लावीत होती. त्या क्रूसाखाली कोणी पुरलेले नाही. तिचा पती मासेमारीला गेला तो परतला नाही. नाव मिळाली, माणूस मिळाला नाही. तिने आमचे बोलणे ऐकले होते. ती तरुणाला म्हणाली, “बाळा, त्याचं नाव काय रे?”

“ओल्ड व्हायटी म्हणतात, मावशी.”

“ते टोपणनाव झालं. आईबापांनी ठेवलेलं?”

तरुण खाली पाहू लागला. आम्हीही.

वाचकहो, त्या क्षणी आमच्या सेमिनरीतील नीतिशास्त्राच्या वर्गांपेक्षा त्या माउलीचा एक प्रश्न आम्हांला अधिक शिकवून गेला. कोणी म्हणेल, आत्मा गेल्यावर उरलेल्या मातीला कसला मान? परंतु आपला विश्वास देहाच्या पुनरुत्थानावर आहे. बाप्तिस्म्याचे पाणी याच देहावर पडते. म्हणूनच मृतांना मूठमाती देणे हे आपण दयेचे कृत्य मानतो. जुन्या करारातील तोबीत राजाचा रोष पत्करूनही परक्या भूमीत आपल्या लोकांची प्रेते पुरीत असे. दुसरा कोणी म्हणेल, मग त्या जहाजाजवळ कोणी फिरकूच नये. हेही आम्हांला पटत नाही. समुद्रात विसावलेल्या माणसाची जलसमाधी ही समाधीच आहे, आणि समाधीला भेट देणे हा काही अपराध नव्हे. आपण दफनभूमीत जातोच की! प्रश्न एवढाच, की जाणारा कोणत्या भावनेने जातो.

त्याच सरोवरात १० नोव्हेंबर १९७५ रोजी ‘एडमंड फिट्झजेरल्ड’ हे लोहखनिज वाहणारे जहाज २९ माणसांसह बुडाले. ते सुमारे १६० मीटर खोलीवर आहे. १९९५ साली मृतांच्या आप्तांच्या इच्छेने त्याची घंटा वर काढण्यात आली व तिच्या जागी दुसरी घंटा ठेवण्यात आली. त्या नव्या घंटेवर २९ जणांची नावे कोरलेली आहेत. २००६ साली कॅनडातील ओंटारिओ प्रांताने त्या जागी परवान्यावाचून उतरण्यास कायद्याने मनाई केली. एका जहाजापाशी माणसे मृतांची नावे घेऊन गेली. दुसऱ्यापाशी मृताला टोपणनाव ठेवून आली. आमच्या मते पापाची रेषा येथून जाते. ज्याचे नाव आपण विचारीत नाही, तो आपल्याला माणूस न वाटता देखावा वाटू लागतो. रस्त्यावर अपघात झाला, की भोवती बघ्यांची गर्दी जमते. तिच्यात आपणही उभे असतो, आणि पडलेल्याचा चेहरा पाहण्यासाठी मान उंचावतो. त्यासाठी सातासमुद्रापार जाऊन थंड पाण्यात उतरावे लागत नाही.

‘कामलूप्स’वर ॲलिस बेट्रिज नावाची एक तरुणी कामाला होती. बेटावर थंडीने व भुकेने प्राण जाण्यापूर्वी तिने एक चिठ्ठी लिहून बाटलीत घातली. ती पुढे एका शिकाऱ्याला सापडली. आपले काय झाले हे आईवडिलांना कळावे, एवढेच तिचे मागणे होते. मरणाऱ्याची शेवटची भूक ही असते: आपल्या माणसांनी आपल्याला ओळखावे.

आम्ही त्या तरुणाला सांगितले, “गेलास हे पाप नव्हे. पण पुन्हा गेलास, तर पाहुणा म्हणून जा; आणि कोणी त्याला टोपणनावाने हाक मारली, तर तू मारू नकोस.” त्याने ते मान्य केले. दुसऱ्या दिवशी मिस्सेच्या वहीत त्याच्या हातची नोंद होती: ‘कामलूप्स जहाजावरील २२ जणांसाठी.’ आणि त्या निनावी क्रूसापाशी, नवऱ्यासाठी लावलेल्या मेणबत्तीशेजारी, आणखी एक मेणबत्ती जळून संपलेली आम्ही पाहिली.