कोवळे आहे तोच

तणावर विषारी औषध फवारण्याऐवजी युरोप व अमेरिका येथील कित्येक बागाईतदार ज्योतीचा उपयोग करितात. गाजराचे बी उगवावयास आठवडा दोन आठवडे लागतात. तण त्यापूर्वीच वर येते. म्हणून गाजराचा अंकुर दिसण्याआधी ते वाफ्यावरून गॅसची ज्योत क्षणभर फिरवितात. तणाची राख करावी लागत नाही. आच लागताच पानांतील पेशी फुटतात व रोप एकदोन दिवसांत सुकते. पान चिमटीत दाबून काळसर ठसा उमटला, म्हणजे काम झाले. मातीत विष राहत नाही.

परंतु हा उपाय दोनचार पानांच्या कोवळ्या तणासच लागू पडतो. हरळी व लव्हाळा ह्यांची पाने करपली तरी ती खालून पुन्हा फुटतात. तेथे खुरपे घेऊन वाकावेच लागते. वारा असता किंवा जवळ वाळला कडबा असता ज्योत लावूच नये.

हे पाहून आम्हांस मत्तयाच्या 13 व्या अध्यायातील निदणाचा दाखला आठवतो. तेथे धन्याने चाकरांस कापणीपर्यंत थांबविले. कारण दुसऱ्यांचा निवाडा करणे आपले काम नव्हे. स्वतःच्या अंतःकरणाच्या वाफ्याविषयी मात्र आपणांस अशी सवलत नाही. भावाशी धरलेला अबोला, शेजाऱ्याचा हेवा, ही आज दोन पानांची आहेत. आज रात्रीच प्रार्थनेत ती प्रभूच्या पवित्र अग्नीपुढे ठेवू या. उद्या मूळ धरल्यावर ती अश्रूंनी खणावी लागतील.