किंमत कोण मोजतो?



सोने खाता येते. मिठाईवर लावायचा सोन्याचा वर्ख शहरातल्या मोठ्या दुकानांत मिळतो आणि तो लावलेल्या मिठाईचा भाव साध्या मिठाईच्या कितीतरी पट असतो. या वर्खाला चव नाही, वास नाही. शरीर तो पचवीत नाही. जसा पोटात गेला तसाच तो बाहेर पडतो. म्हणजे ज्या गोष्टीसाठी सर्वांत जास्त पैसे मोजले, ती जिभेला कळली नाही आणि अंगालाही लागली नाही. मग ते पैसे कशाचे?

आपल्यापैकी फारच थोड्यांनी सोन्याची मिठाई खाल्ली असेल. परंतु ज्या विचाराने माणूस सोने खातो, तोच विचार हळूहळू आपल्याही ताटापर्यंत येतो. म्हणून महागड्या अन्नाचा हा प्रश्न श्रीमंतांचा म्हणून सोडून न देता आज आपण त्यावर थोडा विचार करू या.

महाग असलेली प्रत्येक वस्तू फसवी नसते, हे प्रथम मान्य केले पाहिजे. केशराचेच उदाहरण घ्या. काश्मीरमध्ये पांपोरच्या शेतांत केशराची फुले पहाटे हाताने खुडतात. एका फुलात तीनच तंतू. एक किलो केशरासाठी सुमारे दीड लाख फुले लागतात आणि प्रत्येक फुलातून ते तंतू बोटांनी वेगळे करावे लागतात. केशराचा भाव हा मुख्यतः त्या बोटांचा भाव आहे. शिवाय चिमूटभर केशराने पातेलेभर खीर रंगते. आपल्याकडच्या सुकेळीचेही तसेच. राजेळी केळी पिकवायची, सोलायची, उन्हात घालायची, रोज फिरवायची, धूळ-पाखरांपासून राखायची. ज्याने हे काम घरी पाहिले आहे तो सुकेळीच्या भावावरून घासाघीस करणार नाही. कष्टाचा मोबदला म्हणून दिलेली किंमत वाजवी असते, मग ती कितीही मोठी दिसो.

काही वस्तू मात्र दुर्मीळ झाल्यामुळे महाग होतात. कॅव्हिअर म्हणजे स्टर्जन माशाची खारवलेली गाबोळी. त्यातल्या बेलुगा जातीच्या मादीला अंडी धरायला १५ ते २० वर्षे लागतात. माणसाला इतका दम कुठला? कॅस्पियन समुद्रात हे मासे इतके मारले गेले, की १९९८ साली स्टर्जनच्या सर्व जातींचा व्यापार आंतरराष्ट्रीय करारानुसार नियंत्रणाखाली आणावा लागला. मासा जितका कमी, तितकी डबी महाग. आणि डबी जितकी महाग, तितकी ती मिरवायला चांगली! आज बाजारात येणारे कॅव्हिअर बहुतांशी मत्स्यशेतीतले आहे, कारण समुद्रात फारसे उरलेलेच नाही.

तिसरा प्रकार गोष्टीच्या किमतीचा. इंडोनेशियात उदमांजराच्या विष्ठेतून मिळणाऱ्या बियांची कॉफी करतात. जंगलात फिरणारे उदमांजर पिकलेली फळे निवडून खाते, अशी त्यामागची गोष्ट. गोष्ट गाजली, भाव चढला आणि मग उदमांजरे पकडून पिंजऱ्यात कोंबून त्यांना कॉफीचीच फळे चारण्याचा धंदा सुरू झाला. ज्या इंग्रज व्यापाऱ्याने १९९१ साली ही कॉफी ब्रिटनमध्ये नेली, त्यानेच २०१३ साली ती कोणी घेऊ नये म्हणून मोहीम उघडली. पिणारा गोष्टीचे पैसे देत होता. त्या गोष्टीची खरी किंमत पिंजऱ्यातला मुका प्राणी मोजत होता.

यावर कोणी म्हणेल, “फादर, पण चव तर असते ना?” चवीचीही थोडी परीक्षा करू या. २००८ साली अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी काही लोकांना वाईनचे घोट दिले आणि प्रत्येक घोटाची किंमत सांगितली. एकच वाईन एकदा १० डॉलरची म्हणून दिली, एकदा ९० डॉलरची म्हणून. लोकांना ९० डॉलरवाली अधिक आवडली. ते नुसते तसे म्हणाले असे नाही. त्यांच्या मेंदूतला सुखाची नोंद घेणारा भागही अधिक जागा झाला. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात किंमत न सांगता घेतलेल्या ६ हजारांहून अधिक चवी तपासल्या गेल्या. तेथे सर्वसाधारण माणसांना महाग वाईन अधिक आवडल्याचे दिसले नाही. उलट थोडी कमीच आवडली. म्हणजे आपण किंमतच चाखत असतो आणि त्याला चव म्हणतो.

इतिहासही हेच सांगतो. आपल्या शेवंडीच्या नात्यातला, मोठ्या नांग्यांचा लॉबस्टर एकेकाळी अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर इतका मुबलक होता, की ते गरिबाघरचे खाणे समजले जाई. एकोणिसाव्या शतकातल्या लंडनमध्ये कालवे ही गरीब वस्तीतल्या रस्त्यावर मिळत. डिकन्सने १८३६-३७ च्या आपल्या कादंबरीत गरिबी आणि कालवे यांची जोडीच लावून दिली आहे. पुढे लॉबस्टर रेल्वेने दूरच्या शहरांत गेला, कालवांची पैदास घटली आणि दोन्ही पदार्थ बड्यांच्या टेबलावर चढले. मासा तोच, कालव तेच, माणसाची जीभही तीच. बदलला तो भाव, आणि भावाबरोबर मान.

तत्त्वज्ञांनी या प्रश्नाचा विचार फार पूर्वी केला आहे. एपिक्युरस या ग्रीक विचारवंताचे नाव पुढे खवय्येगिरीला चिकटले. परंतु तो स्वतः साधे खाऊन राही, आणि मेजवानी करावीशी वाटली तर असावे म्हणून त्याने मित्राकडे चीजची एक कुंडी मागितली, अशी नोंद आहे. रोज साधे खाणाऱ्यालाच चीजची मेजवानी होऊ शकते! ॲरिस्टॉटल तर मोठ्या खर्चाच्या विरुद्धही नाही. योग्य प्रसंगी, योग्य कारणासाठी, सुंदर रीतीने केलेला मोठा खर्च हा त्याच्या मते सद्गुण आहे. मात्र मित्रमंडळींच्या साध्या जेवणाला जो लग्नाच्या मेजवानीचा थाट करतो, त्याला तो असंस्कृत म्हणतो. कारण अशा माणसाला प्रसंगाचे काही नसते. आपली श्रीमंती लोकांनी पाहावी एवढेच त्याला हवे असते. संत थॉमस अक्वायनस यांनी खादाडपणाचे पाच प्रकार मांडताना केवळ अति खाणे धरले नाही. अति महागाच्या अन्नाची ओढ हाही त्यांनी त्यातलाच एक प्रकार मानला. आणि दोष अन्नात नसून बेताल इच्छेत आहे, हेही स्पष्ट केले. थोडेसेच खाऊनसुद्धा माणूस खादाड असू शकतो, ही गोष्ट आपण सहसा लक्षात घेत नाही.

मग सगळा महागडा खर्च व्यर्थच का? येथे आपल्याला बेथानीच्या त्या जेवणाची आठवण ठेवावी लागते. संत योहानाच्या शुभवर्तमानात मरियेने ३०० दीनारांचे जटामांसीचे सुगंधी तेल प्रभूच्या पायांवर ओतले. दिवसाची मजुरी एक दीनार धरली, तर मजुराची जवळजवळ वर्षभराची कमाई. हे तेल विकून पैसे गरिबांना का दिले नाहीत, असे विचारणारा यूदा होता. आणि त्याला गरिबांची काळजी नव्हती, हे संत योहान तेथेच सांगतो. म्हणून दुसऱ्याच्या ताटाकडे पाहून हिशोब मांडण्यापूर्वी आपण जरा थांबावे. वर्षातून एकदा आजारी आईसाठी हापूसची पेटी आणणाऱ्या मुलाला कोणी उधळ्या म्हणू नये.

मरियेच्या तेलात आणि सोन्याच्या वर्खात फरक कोणता? दोन्ही महागच. परंतु मरियेने स्वतःजवळचे दिले, दुसऱ्यासाठी दिले, आणि सुगंध सगळ्या घरभर पसरला. याच्याशी दुसरी एक घटना ताडून पाहा. ट्रफल ही जमिनीखाली वाढणारी अतिमहाग अळंबी. २००४ साली अशी एक साधारण ८५० ग्रॅमची ट्रफल धर्मादाय लिलावात २८ हजार पौंडांना विकली गेली आणि लंडनच्या एका रेस्तराँत ठेवायला दिली. मुख्य आचाऱ्याने ती फ्रिजमध्ये कुलूपबंद केली, किल्ली घेऊन तो सुटीवर गेला आणि परत येईपर्यंत ती नासली होती. लिलावाचा पैसा तरी कोणाच्या उपयोगी पडला. अन्न मात्र कोणाच्याच मुखी लागले नाही. इतके मौल्यवान, की कुलपात ठेवावे लागले, आणि कुलपात ठेवले म्हणूनच वाया गेले!

तेव्हा “हे अन्न त्या किमतीच्या लायकीचे आहे का?” हा प्रश्न आपण थोडा बदलून विचारू या. “ही किंमत कोण मोजतो?” केशराची किंमत खाणारा मोजतो आणि ती खुडणाऱ्याच्या हाती पडावी हा न्याय आहे. कॅव्हिअरची किंमत समुद्राने मोजली. त्या कॉफीची, उदमांजराने.

आणि आपल्या लग्नाच्या जेवणाची? येथे हा प्रश्न आपल्या अंगणात येतो. एका घरी पाच काउंटर लागले की पुढच्या घरी सात लागतात. पापलेट, कोळंबी, वर परदेशी नावाचा एखादा पदार्थ, ज्याचे नाव वाढणाऱ्यालाही नीट सांगता येत नाही. ज्याला परवडते तो एका संध्याकाळी हौस करतो आणि विसरतो. पण त्याच आळीत पुढच्या वर्षी ज्याच्या मुलीचे लग्न आहे, तो बाप त्या संध्याकाळी जेवताना मनात आकडे मांडत असतो. मग पतपेढीचे कर्ज निघते, एखादा दागिना गहाण पडतो, आणि नव्या संसाराच्या पहिल्या काही वर्षांची कमाई पाहुण्यांनी अर्धवट टाकलेल्या ताटांचे हप्ते फेडण्यात जाते. श्रीमंताने लावलेला भाव गरिबाला भरावा लागतो. संत लूकच्या शुभवर्तमानातला तो श्रीमंत माणूस रोज मेजवान्या झोडीत होता, आणि दाराशी पडलेला गरीब त्याला दिसत नव्हता. आपल्या दाराशी तसे कोणी पडलेले नसेल. तो आपल्याच मांडवात, इस्त्रीचे कपडे घालून, हसतमुखाने बसलेला असतो. म्हणूनच तो दिसत नाही.

समुद्रालाही यात मोजावे लागते. पापलेट झपाट्याने कमी होत असल्याने २०२३ साली महाराष्ट्र शासनाने त्याला राज्यमासा म्हणून जाहीर केले. प्रत्येक ताटात अख्खे पापलेट हवे, असा हट्ट आपण धरला, तर अंडी घालण्याआधीच लहान पापलेटे जाळ्यात येतील. त्याच बाजारात मांदेली आणि बोंबील असतात. त्यांनाही देवानेच चव दिली आहे.

लग्नात गोडधोड करू नये, असे आम्ही म्हणत नाही. काना येथील लग्नात द्राक्षारस संपला तेव्हा प्रभूने उत्तमच द्राक्षारस दिला. पण तो यजमानाची लाज राखण्यासाठी. शेजाऱ्याला लाजविण्यासाठी नव्हे. तेव्हा यंदा घरात कार्य असेल, तर केटररबरोबर बसण्यापूर्वी पती-पत्नींनी आणि मुलांनी मिळून तीन प्रश्न विचारावेत. हा पदार्थ कोणाला खाऊ घालायचा आहे म्हणून ठेवतो आहोत, की कोणाला दाखवायचा आहे म्हणून? त्याची किंमत आपण मोजणार आहोत, की आपली मुले? आणि आपल्या आळीतल्या सर्वांत कमी मिळकतीच्या घराला असेच जेवण संकोच न करता घालता येईल का?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ आले, तर एक-दोन काउंटर कमी करायला ज्यांना परवडते त्यांनीच आधी सुरुवात करावी. कमी मिळकतीच्या माणसाने खर्च कमी केला तर लोक त्याला गरीब म्हणतात. ऐपतीच्या माणसाने केला, तर पुढच्या दहा घरांना वाट मोकळी होते. फुगे गरम असावेत, वाढणारे हात घरचे असावेत आणि जेवून उठणाऱ्या कोणाच्याही मनात उद्याच्या कर्जाचा आकडा नसावा.

तुमचे धर्मगुरू