मरणाला शत्रू म्हणणारी आशा

दिवाळीच्या आगेमागे, २ नोव्हेंबरला, वसईतल्या कॅथलिक गावांत मृतांचा दिवस पाळला जातो. कबरी साफ केल्या जातात, फुलं वाहिली जातात, मेणबत्त्या लागतात, धर्मगुरू प्रार्थना म्हणतात. परक्या माणसाला हे आपल्या पितृपक्षासारखं वाटेल. गेलेल्यांची ओढ दोन्हीकडे सारखीच आहे. पण त्या प्रार्थनेमागची आशा निराळी आहे आणि ख्रिस्ती माणसंसुद्धा पुष्कळदा तिची दुसऱ्याच एका आशेशी गल्लत करतात.

ती दुसरी आशा म्हणजे आत्म्याचं अमरत्व. देह नाशिवंत, आत्मा अविनाशी हा विचार आपल्याकडे गीतेपासून घरोघर पोचलेला आहे. ग्रीकांकडेही तो होता. प्लेटोने रंगवलेला सॉक्रेटिस शिष्यांशी शांतपणे बोलत विषाचा पेला पितो, कारण त्याच्या दृष्टीने मरण ही देहातून सुटका आहे. ऑस्कर कुलमान या धर्मशास्त्रज्ञाने १९५५ साली हार्वर्डमधल्या व्याख्यानात या मृत्यूशेजारी येशूचा मृत्यू ठेवून पाहिला. गेथशेमाने बागेत येशू कासावीस होतो, हा प्याला टळावा म्हणून विनवतो. वधस्तंभावर तो आक्रोश करतो. सॉक्रेटिसची शांती त्याच्यापाशी नाही. मरण त्याला भयंकर वाटतं, कारण त्याच्या लेखी ते खरोखरच भयंकर आहे.

प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला इसवी सन ५०च्या दशकात पत्र लिहिलं. त्याच्या पंधराव्या अध्यायात तो मृत्यूला शेवटचा शत्रू म्हणतो. ज्याला शत्रू म्हटलं त्याचे गोडवे गाता येत नाहीत. म्हणूनच आपला मित्र लाजर याच्या कबरीपाशी येशू रडला. थोड्याच वेळात आपण त्याला उठवणार आहोत हे ठाऊक असूनही रडला. अंत्यविधीला जमलेल्या माणसांनी हे लक्षात ठेवायला हवं. तरुण मुलगा गमावलेल्या आईला ‘रडू नकोस, तो चांगल्या ठिकाणी गेला’ असं सांगणं सोपं आहे, पण तिच्या अश्रूंना अविश्वास ठरवण्याचा अधिकार कोणालाही नाही. तिचं रडणं येशूच्या रडण्याच्या पंगतीतलं आहे.

मग आशा कसली? चौथ्या शतकात निकियाच्या विश्वासांगीकाराला जे रूप आलं, त्याच्या शेवटी मृतांच्या पुनरुत्थानाची वाट पाहत असल्याचं मंडळी कबूल करते. मरणाच्या पलीकडे माणसाचा एखादा अंश उरेल, एवढ्यावर ती समाधान मानत नाही. देवाने घडवलेला अख्खा माणूस, देहासकट, देव पुन्हा उभा करील असं ती म्हणते. योहानाच्या शुभवर्तमानात उठलेल्या येशूच्या हातांवर खिळ्यांच्या खुणा आहेत आणि त्या तो आपल्या शिष्याला, थोमाला दाखवतो. नव्या जीवनातही जुन्या जखमा पुसल्या गेलेल्या नाहीत. सोसलेलं सारं देवाच्या हिशेबात राहतं, हे मला या कथेतलं सर्वांत मोठं सांत्वन वाटतं.

हा विश्वास सोपा नाही, कधीच नव्हता. मार्काच्या शुभवर्तमानाच्या सर्वांत जुन्या हस्तलिखितांचा शेवट रिकाम्या कबरीपासून भिऊन पळणाऱ्या बायकांवर होतो. या विश्वासाच्या पहिल्या साक्षीदारांचाही थरकाप उडाला होता. प्रयोगशाळेत तो सिद्ध होणार नाही. तो धरून माणसं कशी जगतात, एवढं मात्र पाहता येतं.

पंडिता रमाबाईंचं आयुष्य पाहावं. विशी गाठण्याआधीच दुष्काळात त्यांचे आईवडील आणि थोरली बहीण गेली. १८८० साली भाऊ, १८८२ साली पती. पुढच्याच वर्षी त्यांनी इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. इतकी मरणं पाहिलेल्या बाईने देहाला तुच्छ मानून विरक्ती पत्करली असती, तर ते समजण्यासारखं होतं. त्यांनी उलट केलं. १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतातून उपाशी मुलींना गोळा करून त्यांनी केडगावला आणलं, खाऊपिऊ घातलं, शिकवलं, हाताला काम दिलं. १९२१ साली त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. हिब्रू आणि ग्रीक शिकून हाती घेतलेलं मराठी बायबलचं भाषांतर त्यांनी तरीही सोडलं नाही. ५ एप्रिल १९२२ला त्या गेल्या, तेव्हा भाषांतर पुरं झालेलं होतं.

परलोकाची आशा माणसाला इहलोकाविषयी बेफिकीर करते, हा आक्षेप जुना आहे आणि पुष्कळदा खराही ठरला आहे. अन्याय सोसणाऱ्यांना ‘वर न्याय मिळेल’ म्हणून गप्प बसवणारे धर्मोपदेशक होऊन गेले. पण पौलाचं पत्र पुढे वाचावं. पुनरुत्थानावरचा तो प्रदीर्घ अध्याय तो एका आज्ञेने संपवतो: कामात खंबीर राहा, तुमचे श्रम वाया जाणार नाहीत. आणि लगेच सोळावा अध्याय सुरू होतो तो यरुशलेमच्या मंडळीसाठी गोळा करायच्या वर्गणीने. मरणावरच्या विजयानंतर थेट पैशाचा विषय! मला यात विसंगती दिसत नाही. ज्या देहाला देव पुन्हा उठवणार आहे, तो आज उपाशी, उघडा किंवा आजारी पडलेला असताना त्याच्याकडे पाठ फिरवणाऱ्याने पुनरुत्थानावर विश्वास आहे असं म्हणू नये.